मालगाडीत काय भरलंय, हे गावाला कधी कळतं?

३ फेब्रुवारी २०२३, रात्री नऊला काही मिनिटं कमी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, पेन्सिल्व्हेनियाच्या हद्दीला खेटून असलेल्या ईस्ट पॅलेस्टाइन या गावात नॉरफोक सदर्न कंपनीची मालगाडी घसरली. गाडीला १४९ डबे. एका डब्याच्या चाकाचं बेअरिंग तापत तापत निकामी झालं होतं. आपल्या रेल्वेत याला ‘हॉट ॲक्सल’ म्हणतात. ३८ डबे रुळांवरून उतरले, त्यांपैकी ११ डब्यांत धोकादायक माल होता, आणि आग भडकली.

गावाची वस्ती पाच हजारांच्या आत. अग्निशमन दलात बहुतेक स्वयंसेवक, म्हणजे एरवी आपापल्या नोकरीधंद्यावर असणारी आणि बोलावणं आलं की धावणारी माणसं. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न हाच होता की जळतंय ते नेमकं काय? पाणी मारायचं, फोम मारायचा, की सगळ्यांना घेऊन मागे सरायचं, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरणार होतं. डब्यांवरचे धोक्याचे फलक आगीत जळून गेले होते. मालाची यादी इंजिनात, आणि गाडीच्या कर्मचाऱ्यांनी (योग्यच केलं म्हणा) इंजिनं सोडवून आगीपासून जवळपास मैलभर पुढे नेली होती.

दहा-अकरा दिवसांनी ओहायोचे राज्यपाल माइक डिवाइन यांनी पत्रकारांना सांगितलं की कायद्याच्या व्याख्येनुसार ही गाडी ‘अतिधोकादायक’ नव्हतीच, त्यामुळे ती राज्यातून जाते आहे हे ओहायोत कुणालाही कळवायचं बंधन कंपनीवर नव्हतं. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना. विनाइल क्लोराइड या पेट घेणाऱ्या रसायनाने भरलेले पाच टँकर असलेली गाडी धोकादायक नाही, तर मग धोकादायक म्हणायचं तरी कशाला?

राज्यपालांचं म्हणणं बरोबर होतं. असं का, हे समजलं की ज्वलनशील माल रेल्वेने नेण्याबद्दलचे सरकारी नियम बरेचसे उलगडतात.

आधी थोडी परिभाषा

धोकादायक माल जगभर नऊ वर्गांत विभागतात. स्फोटकं वर्ग १ मध्ये, वायू वर्ग २ मध्ये, ज्वलनशील द्रव वर्ग ३ मध्ये, आणि असंच पुढे. आपल्या विषयाशी संबंध मुख्यतः दोन आणि तीन या वर्गांचा.

द्रव ज्वलनशील आहे की नाही, हे त्याच्या ‘फ्लॅश पॉइंट’वरून ठरतं. ज्या किमान तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ जमते, ते तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. हा आकडा ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल, तर तो द्रव वर्ग ३ मध्ये जातो. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे महाबळेश्वरच्या कडाक्याच्या थंडीतही पेट्रोलला पेटायला फक्त ठिणगी लागते.

वर्ग ३ मध्येही तीन प्रती आहेत, पहिली सर्वांत जहाल आणि तिसरी त्या मानाने सौम्य. शिवाय प्रत्येक पदार्थाला संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला चार आकडी क्रमांक असतो. पेट्रोल १२०३, कच्चं तेल १२६७, एलपीजी १०७५, विनाइल क्लोराइड १०८६. अमेरिकेतल्या अग्निशमन गाड्यांत नारिंगी रंगाची एक पुस्तिका ठेवलेली असते. क्रमांक पाहायचा, पुस्तिकेत त्याचं पान काढायचं, की काय करावं ते मिळतं. कच्च्या तेलाचा टँकर आगीत सापडला असेल तर ८०० मीटर मागे सरा, असं ती सांगते. विनाइल क्लोराइड असेल तर १,६०० मीटर. क्रमांक कळला नाही, तर आठशे की सोळाशे हे ठरवणार कसं?

शेवटचा शब्द ‘कन्सिस्ट’. गाडीत कितव्या नंबरला कोणता डबा आहे आणि त्यात काय, किती भरलंय, याची यादी. पुढे मी तिला नुसतं ‘यादी’ म्हणेन.

माहिती देण्याच्या कायद्याची मुळं भोपाळमध्ये

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८५ मध्ये, याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावच्या कारखान्यातून रासायनिक गळती झाली. आपल्या परसात काय साठवलंय हे आपल्यालाच ठाऊक नाही, याचा धसका अमेरिकेने घेतला आणि १९८६ मध्ये आपत्कालीन नियोजन आणि नागरिकांचा माहितीचा हक्क यांविषयीचा कायदा केला. प्रत्येक राज्यात एक आपत्कालीन प्रतिसाद आयोग आणि त्याच्या हाताखाली स्थानिक नियोजन समित्या, अशी रचना या कायद्याने उभी राहिली. कारखान्यांनी आपल्याकडच्या धोकादायक रसायनांची माहिती या आयोगाला, समितीला आणि स्थानिक अग्निशमन दलाला द्यायची.

पण या कायद्यात एक मोठी सूट आहे. वाहतुकीत असलेल्या मालाला माहिती देण्याच्या या तरतुदी लागू होत नाहीत. वाटेत गळती झाली तर ती मात्र कळवावी लागते. म्हणजे कारखान्याच्या टाकीत पडून असलेल्या रसायनाचा हिशेब गावाला मिळतो, पण तेच रसायन टँकरमध्ये भरून गावाच्या मधोमध गेलेल्या रुळांवरून निघालं की त्याचा हिशेब संपतो. सूट देण्यामागे कारण होतं. रेल्वे कंपनी हजारो गावांतून जाते. प्रत्येक समितीला प्रत्येक डब्याचं पत्र धाडायचं तर १९८६ साली ते कागदावर करणं अशक्यच होतं. पण पुढची जवळपास तीस वर्षं ही फट तशीच राहिली.

मग तेलाच्या गाड्या आल्या

फट होती तरी फारसं बिघडत नव्हतं, कारण ज्वलनशील द्रवांचे टँकर बहुधा इतर मालाच्या डब्यांत विखुरलेले असत. २००८ नंतर नॉर्थ डकोटाच्या बाकन भागात खडकांतून तेल काढण्याचा धडाका सुरू झाला. तिथे पुरेशा पाइपलाइन नव्हत्या, म्हणून तेल रेल्वेवर आलं. २००८ साली अमेरिकेतल्या मोठ्या रेल्वे कंपन्यांनी कच्च्या तेलाचे साधारण साडेनऊ हजार टँकर वाहिले होते. २०१३ साली हा आकडा चार लाखांवर गेला. इंजिनापासून शेपटापर्यंत फक्त तेलाचे टँकर असलेल्या शंभर-शंभर डब्यांच्या गाड्या धावू लागल्या. एका टँकरमध्ये एक लाख लिटरहून जास्त तेल मावतं.

६ जुलै २०१३ च्या पहाटे कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात लाक-मेगांटिक या गावात अशीच एक गाडी आली, चालकाविना. वर नांत या ठिकाणी उतारावर ती रात्रीपुरती उभी करून ठेवली होती. इंजिनाला आग लागली म्हणून ते बंद करण्यात आलं, त्यामुळे एअर ब्रेकमधला दाब हळूहळू उतरला, आणि हातब्रेक पुरेसे लावलेले नव्हते. ७२ टँकरची गाडी उतारावरून घरंगळत सुटली, गावात पोचली तेव्हा तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. ६३ टँकर घसरले, सुमारे साठ लाख लिटर तेल सांडलं, ४७ माणसं मेली.

चौकशीत ब्रेकइतकीच खटकणारी आणखी एक गोष्ट निघाली. कागदपत्रांत हे तेल तिसऱ्या प्रतीचं, म्हणजे सौम्य, दाखवलं होतं. तपासणीत ते दुसऱ्या प्रतीचं ठरलं. क्रमांक १२६७ बरोबर, जहालपणाची नोंद चूक. माहिती देण्याच्या नियमांची चर्चा करताना आपण ‘दिली की नाही’ एवढंच विचारतो. दिलेली माहिती खरी आहे का, हा प्रश्न मागेच राहतो. माल पाठवणाऱ्याने जे लिहून दिलं तेच रेल्वे कंपनी पुढे सांगते, आणि अग्निशमन दल त्यावरच विसंबतं.

वीस आणि पस्तीसचा हिशेब

मे २०१४ मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने तातडीचा आदेश काढला. एका गाडीत दहा लाख गॅलनहून (सुमारे ३८ लाख लिटर, म्हणजे साधारण ३५ टँकर) जास्त बाकन तेल असेल, तर कंपनीने राज्याच्या आपत्कालीन आयोगाला कळवायचं. हाच तो भोपाळनंतर जन्माला आलेला आयोग.

मे २०१५ मध्ये पक्का नियम आला आणि त्याने ‘अतिधोकादायक ज्वलनशील गाडी’ची व्याख्या केली. वर्ग ३ च्या द्रवाने भरलेले २० किंवा त्याहून जास्त टँकर सलग जोडलेले असतील, किंवा गाडीभर मिळून ३५ किंवा त्याहून जास्त असतील, तर ती गाडी या व्याख्येत बसते. अशा गाडीला ताशी ५० मैलांची, म्हणजे ८० किलोमीटरची वेगमर्यादा आली. टँकर जुन्या पद्धतीचे असतील तर ठरावीक मोठ्या शहरी भागांत ४० मैल. जाड पत्र्याचे, उष्णतारोधक आवरणाचे, टोकांना पोलादी ढाल असलेले नवे टँकर टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. शेवटचा टप्पा २०२९ चा आहे.

कळवायचं काय, ते फेब्रुवारी २०१९ च्या नियमाने निश्चित केलं. कंपनीने प्रत्येक राज्याच्या आयोगाला सांगायचं: तुमच्या कोणत्या काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आठवड्याला अंदाजे किती अशा गाड्या जातील, कोणत्या मार्गाने, माल कोणता, अपघात झाला तर प्राथमिक उपाय काय, आणि कंपनीत फोन कुणाला करायचा. ही माहिती दर महिन्याला अद्ययावत करायची. काही बदललं नसेल तर ‘बदल नाही’ असं प्रमाणपत्र चालतं. खनिज तेलाच्या गाड्यांना शिवाय तेलगळतीचा सविस्तर आराखडा लागतो. त्यात मार्गाचे विभाग पाडायचे आणि गळती लक्षात आल्यापासून बारा तासांत माणसं-साहित्य पोचेल अशी तजवीज दाखवायची.

आता ईस्ट पॅलेस्टाइनच्या गाडीला ही फूटपट्टी लावून पाहा. धोकादायक मालाचे डबे होते एकूण २०. त्यांतले पाच विनाइल क्लोराइडचे, आणि विनाइल क्लोराइड हा दाबाखाली द्रवरूप केलेला ज्वलनशील वायू आहे, म्हणजे वर्ग २. व्याख्या फक्त वर्ग ३ मोजते. ते पाच वजा केले की वीस कुठून भरणार? गाडी व्याख्येत बसली नाही, आणि व्याख्येत नाही म्हणून कळवणंही नाही. कुणी नियम मोडला नव्हता. व्याख्या तेलाच्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती आणि घसरली ती सरमिसळ मालाची गाडी.

महिन्याचा अंदाज आणि आजची रात्र

समजा, ती गाडी व्याख्येत बसली असती. मग काय झालं असतं? ओहायोच्या आयोगाकडे एक कागद असता की कोलंबियाना काउंटीतून आठवड्याला अमुक इतक्या गाड्या जातात. त्या रात्री आगीसमोर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा कितपत उपयोग होता?

खडकवासल्यातून पाणी सोडायचं असतं तेव्हा पाटबंधारे खातं सांगतं की अमुक वाजता इतके क्युसेक विसर्ग सुरू होतोय, नदीपात्रातली वाहनं-जनावरं हलवा. त्याऐवजी खात्याने दर महिन्याला पत्र पाठवलं की ‘या महिन्यात आठवड्यातून सरासरी तीनदा पाणी सोडलं जाईल’, तर महापालिकेला होड्या, पंप, शाळांमधल्या निवाऱ्याची तयारी करायला ते उपयोगी पडेल. पण काठावर राहणाऱ्याला हवा असतो आजचा आकडा, आणि पाणी दारात यायच्या आधी हवा असतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा रहिवाशांचा संताप होता तो वेळेत सूचना न मिळाल्याचा.

रेल्वेच्या नियमांतही असे दोन वेगळे प्रकार आहेत आणि बातम्यांत ते हमखास एकमेकांत मिसळतात. एक तयारीची माहिती. फोम किती ठेवायचा, जवानांना कशाचं प्रशिक्षण द्यायचं, रुळांलगतचं वृद्धाश्रम रिकामं करायचं तर कुठून, हे तिच्यावरून ठरतं. दुसरी प्रसंगाची माहिती, म्हणजे या घसरलेल्या गाडीची यादी, आत्ता. (तिसरीही आहे, अपघातानंतरची. मृत्यू, तासाभराहून जास्त वेळ लोकांना हलवावं लागणं वगैरे घडलं तर राष्ट्रीय प्रतिसाद केंद्राला शक्य तितक्या लवकर, फार तर बारा तासांत फोन, आणि तीस दिवसांत लेखी अहवाल. ही तपासासाठी आणि आकडेवारीसाठी. आग विझवायला तिचा उपयोग शून्य.)

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून २०२४ मध्ये ईस्ट पॅलेस्टाइनच्या अपघाताचे निष्कर्ष मांडले. गाडीची यादी अग्निशमन दलापर्यंत पोचायला झालेल्या उशिरामुळे जवान आणि नागरिक दोघेही जास्त धोक्यात सापडले, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. यादी मिळाल्यावरही माहितीची अडचण संपली नाही. तीन दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, स्फोट होईल या भीतीने विनाइल क्लोराइडचे पाचही टँकर मुद्दाम फोडून जाळण्यात आले. तो काळा ढग जगभरच्या पडद्यांवर दिसला. मंडळाच्या मते ते जाळणं गरजेचं नव्हतं. रसायन बनवणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञांना आत स्फोटाकडे नेणारी रासायनिक क्रिया चालू आहे असं वाटत नव्हतं, पण त्यांचं हे मत निर्णय घेणाऱ्या अग्निशमन प्रमुखापर्यंत पोचवलंच गेलं नाही. मला हा भाग सगळ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. कोणत्याही नियमात ‘तज्ज्ञाचं मत दहा पावलांवरच्या माणसाला सांगा’ असं लिहावं लागेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नसणार.

२०२४ चा नवा नियम

जून २०२४ मध्येच आणखी एक नियम जाहीर झाला. खरं तर संसदेने त्याचा आदेश डिसेंबर २०१५ च्या कायद्यातच दिला होता. यायला साडेआठ वर्षं लागली.

हा नियम वीस-पस्तीसच्या हिशेबात पडत नाही. धोकादायक मालाचा एक डबा असला तरी लागू. कंपनीने गाडीची यादी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, गाडीबाहेर, सुरक्षित ठिकाणी ठेवायची: कोणता माल, किती, कितव्या डब्यात, कुठून कुठे, आणि संपर्क कुणाशी. वाटेत डबे जोडले-सोडले की यादीही बदलायची. अधिकृत आपत्कालीन यंत्रणेला ती तत्काळ पाहता आली पाहिजे. आणि अपघात झाला, तर कुणी मागायची वाट न पाहता कंपनीने स्वतःहून स्थानिक आपत्कालीन कॉल केंद्राला, म्हणजे ९११ वर फोन केला की जिथे लागतो तिथे, ती पाठवायची. मोठ्या कंपन्यांना एक वर्ष, छोट्यांना दोन वर्षांची मुदत दिली गेली.

‘मागितली तर देऊ’पासून ‘न मागता पाठवू’पर्यंतचा हा प्रवास कागदावर किरकोळ दिसतो. पण धुरात उभ्या असलेल्या माणसाला कुठल्या कंपनीची गाडी, कुठला नंबर, कुणाला विचारायचं हे शोधावं लागणार नाही, हा फरक मोठा आहे. आधीही काही ॲप होती. पण ज्याच्या फोनमध्ये ॲप नाही, नोंदणी नाही, रेंज नाही, त्याने काय करायचं?

‘ही माहिती दहशतवाद्यांच्या हाती लागली तर?’

रेल्वे कंपन्यांचा हा जुना मुद्दा आहे आणि तो अगदीच फुसका नाही. २०१४ च्या आदेशानंतर कंपन्यांनी राज्यांकडून गोपनीयतेचे करार मागितले. काही राज्यांनी सही केली, काहींनी नकार देऊन माहिती जाहीर केली. आजही कंपनी एखादा भाग गोपनीय म्हणून दाखवू शकते.

पण नीट पाहिलं तर टँकरच्या चारही बाजूंना तोच चार आकडी क्रमांक मोठ्या अक्षरात लावलेला असतो, आणि शंभर काळ्या टँकरची गाडी फाटकावर दहा मिनिटं उभी राहिली की गावातल्या पोरालाही कळतं. लपवण्याजोगं असेल तर ते म्हणजे नेमकी वेळ आधीच जाहीर करणं. अपघातानंतर यादी अग्निशमन दलाला देण्यात सुरक्षेची कसली अडचण येते, हे मला तरी पटलेलं नाही.

‘मग असला माल रेल्वेने नेऊच नये’

हे बोलायला सोपं. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांना असा माल नाकारताही येत नाही. रास्त मागणी आली की वाहून नेणं त्यांना कायद्याने भाग आहे. आणि रेल्वेने नाही तर कशाने? एका टँकर डब्यातला माल रस्त्यावर आणायचा तर तीन-चार ट्रक लागतात, तेही गर्दीच्या महामार्गांवरून. रेल्वे कंपन्यांची संघटना सांगते की धोकादायक मालाचे ९९.९९ टक्क्यांहून जास्त डबे अपघाती गळतीशिवाय मुक्कामी पोचतात. आकडा संघटनेचा आहे हे लक्षात ठेवूनही, रस्त्यापेक्षा रेल्वे बरी याबद्दल फारसा वाद नाही. माहितीचे नियम आहेत ते उरलेल्या त्या थोड्या डब्यांसाठी.

‘कळवल्याने गाडी घसरायची थांबते का?’

नाही. ईस्ट पॅलेस्टाइनला बेअरिंग तापल्याचं रुळालगतच्या यंत्रांनी टिपलं होतं. आधीच्या एका ठाण्यावर ते हवेपेक्षा २१ अंश सेल्सिअस जास्त, पुढच्यावर ५७, आणि गावापाशी १४०. शेवटचा इशारा वाजला तोवर उशीर झाला होता. ही यंत्रं किती अंतरावर असावीत, किती तापल्यावर गाडी थांबवावी, हे तेव्हा सरकारने नव्हे, कंपन्यांनीच ठरवलेलं होतं. घसरणं टाळायचे नियम वेगळे, घसरल्यावर माणसं वाचवायचे वेगळे. दोन्हींची गल्लत झाली की राजकारण्यांची सोय होते. एक नियम केला की दुसऱ्याबद्दल कुणी विचारत नाही.

आपल्याकडे काय?

मनमाडजवळ पानेवाडीच्या रस्त्यावर पेट्रोलचा टँकर पुढे असेल, तर त्याच्या पाठीवरची पाटी वाचून पाहा. वर ‘३वायई’ अशा अर्थाची अक्षरं, खाली १२०३, बाजूला आपत्कालीन फोन. ३ म्हणजे फोम वापरा. ई म्हणजे आसपासचे लोक हलवण्याचा विचार करा. रस्त्यावरच्या टँकरसाठी ही पाटी मोटार वाहन नियमांनी सक्तीची आहे, आणि चालकाजवळ मालाची माहिती देणारं कार्डही असावं लागतं.

रेल्वेत १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम ६७ सांगतं की धोकादायक माल न्यायचा तर आधी लेखी कळवा आणि पुड्यावर तसं लिहा. मोडल्यास कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद. माल कसा भरायचा, कोणत्या डब्यात, कशाशेजारी ठेवायचा नाही, हे ‘रेड टॅरिफ’ नावाच्या नियमपुस्तकात असतं. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईत उभ्या असलेल्या पर्यटक डब्यात चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरने आग लागली आणि नऊ जण गेले. तिथे हेच कलम मोडलं गेलं होतं.

रचनेत मात्र मोठा फरक आहे. अमेरिकेत रूळ एका खासगी कंपनीचे, टँकर बहुतेकदा माल पाठवणाऱ्याचे किंवा भाड्याने देणाऱ्या तिसऱ्याचेच. म्हणून कुणी कुणाला काय सांगायचं हे कायद्यात शब्दाशब्दाने लिहावं लागतं. आपल्याकडे रूळ, इंजिन, कंट्रोल सगळं रेल्वेचं, आणि कुठल्या रेकमध्ये (म्हणजे मालगाडीच्या जोडलेल्या डब्यांच्या संचात) काय आहे हे मालवाहतुकीच्या संगणक यंत्रणेत रेल्वेला दिसतं. प्रश्न येतो तो रेल्वेच्या कुंपणाबाहेर. भोपाळनंतर आपणही नियम केले. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती गट असतो, आणि अमेरिकेने वगळलेली वाहतूक आपण व्याख्येत घेतली आहे. पण गाडी घसरताच तिची यादी न मागता जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात पोचावी, अशी तरतूद त्या नियमांत नाही. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत तिरुवळ्ळूरजवळ डिझेलची मालगाडी पेटली आणि डझनाहून जास्त वॅगन जळाल्या. सगळा रेक एकाच मालाचा होता, त्यामुळे काय जळतंय हे कळायला अडचण नव्हती. सरमिसळ माल असता तर?

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी

व्याख्येत फक्त वर्ग ३ न मोजता ज्वलनशील वायू वगैरेही घ्यावेत, अशी शिफारस सुरक्षा मंडळाने केली आहे. मार्च २०२३ मध्ये ओहायोचेच दोन सेनेटर, शेरॉड ब्राउन आणि जे. डी. व्हान्स, यांनी एकमेकांच्या विरोधी पक्षांत असूनही एकत्र रेल्वे सुरक्षा विधेयक आणलं. ते समितीतून पुढे सरकलं, पण पूर्ण सेनेटपुढे मतदानाला आलंच नाही.

तुमच्या काउंटीची स्थानिक आपत्कालीन नियोजन समिती १९८६ च्या कायद्यानेच बनलेली आहे. तिच्या आराखड्यात रेल्वेमार्ग धरले आहेत का, हे तिला विचारता येतं. आणि प्रत्येक रेल्वे फाटकापाशी एक छोटी निळी पाटी असते. तिच्यावर रेल्वे कंपनीचा चोवीस तास चालू असलेला आपत्कालीन नंबर आणि त्या फाटकाचा सहा आकडे व एक अक्षर असा ओळख क्रमांक असतो. आग दिसली तर आधी ९११. पण रुळांवर गाडी अडकली, फाटक पडेना, जाणाऱ्या डब्याच्या चाकातून ठिणग्या उडताना दिसल्या, तर या नंबरवर फोन करून फाटकाचा क्रमांक सांगायचा. कंपनीच्या कंट्रोलला नेमकी जागा कळते आणि मागून येणारी गाडीही थांबवता येते.